वाऱ्यावरचं दळण

आमच्या घरात दोन गावं नांदतात. बायको गिरगावची, मी गिरणगावचा. दोन्हींत फरक एका 'ण'चा; पण तो 'ण' बाणातला असल्यामुळे अधूनमधून लागतो.

पहिल्यांदा लागला तो लग्नानंतर महिन्याभरात. सकाळी ती दळणाचा डबा घेऊन खाली गेली आणि पाचच मिनिटांत तो तसाच भरलेला घेऊन वर आली. दारातूनच म्हणाली, "गिरणी बंद आहे." वडील खाटेवर बसून चहा पीत होते. त्यांच्या हातातली बशी हलली, चहा लेंग्यावर सांडला, आई आतून हात पुसत धावत आली. दोघंही काही बोलेनात. बायकोला वाटलं, ही माणसं पोळीचं भलतंच मनाला लावून घेतात.

तिच्या गिरगावातल्या मुगभाटात 'गिरणी बंद' म्हणजे मोटर जळली असेल, पट्टा तुटला असेल, नाहीतर गिरणीवाला गावाला गेला असेल. डबा उद्या न्यावा, आज भात लावावा. आमच्या लालबागेत याच दोन शब्दांचा अर्थ 18 जानेवारी 1982. त्या दिवशी सुरू झालेल्या कापडगिरण्यांच्या संपात अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या हिशेबाने माझे वडील पुढे वारले तेही संपावर असतानाच. रात्री सापाचं नाव घेऊ नये, 'जनावर' म्हणावं, तसा मग आमच्या घरात नियम झाला: बाबांसमोर पिठाच्या गिरणीला 'चक्की' म्हणायचं. बायकोला ते जड गेलं. तिच्या मते चक्की हिंदी सिनेमात असते, आणि तीही तुरुंगात.

तिचंही खोटं नाही. मराठीत चक्की एकटी फारशी फिरत नाही, तिला सोबत लागते. पाण्यावर फिरली की पाणचक्की, वाऱ्यावर फिरली की पवनचक्की. पाणचक्की मी शाळेच्या सहलीत पाहिली होती, औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून सोडायचं, त्याच्या माऱ्याने दगड फिरायचा आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंचं पीठ निघायचं. गुरुजी हे सांगत होते तेव्हा आमचं सगळं लक्ष हौदातल्या माशांकडे होतं.

पवनचक्की मात्र पाहिली ती चौपाटीवर. कामटीच्या टोकाला टाचणीने खोचलेलं रंगीत कागदाचं भिरभिरं. समुद्राकडे तोंड करून धरलं की असं काही सुटायचं की हातातली कामटी थरथरायची. पण ते घरापर्यंत कधी धड पोचलं नाही. चर्नी रोडच्या पुलावर एक पाकळी, लोकलच्या दारात दुसरी, आणि लोअर परळला उतरेपर्यंत हातात नुसती कामटी. पवनचक्कीचं जतन हा विषय माझ्या आयुष्यात असा फार लवकर येऊन गेला.

तो परत आला मुलगी नोकरीनिमित्त रॉटरडॅमला गेली तेव्हा. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना जे जे दाखवायची पद्धत आहे ते ते तिने आम्हांला दाखवलं. त्यात किंडरडाइक. कालव्याच्या काठाने 19 पवनचक्क्या उभ्या, बहुतेक 1740च्या आसपासच्या. 1997 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. एकीच्या दारात चक्क कपडे वाळत होते. काही चक्क्यांत अजून माणसं राहतात म्हणे. मी भारावलो होतो. बायको बराच वेळ पात्यांकडे बघत होती. मग तिने मुलीला विचारलं, "इथे दळतात काय?"

"काही नाही. त्या पाणी उपसायला आहेत. इथली जमीन समुद्रापेक्षा खाली आहे ना, तिथलं पाणी उचलून वर टाकतात."

"मग हे रहाट झाले," बायको म्हणाली. "चक्की कशाला म्हणायचं?"

गिरगावातल्या माणसाला शब्द नीट वापरलेला लागतो. मुलीने मग आमची समजूत काढायला दुसऱ्या दिवशी शेजारच्या स्खीडाम गावी नेलं. तिथे दळणाच्याच पवनचक्क्या आहेत, आणि जगातल्या जुन्या पवनचक्क्यांत सगळ्यांत उंच त्याच. एक तर 33 मीटर, म्हणजे आमच्या दहा-अकरा मजल्यांची. एवढ्या उंच कशासाठी, तर गावातली घरं वारा अडवत होती म्हणून. (इमारतींनी वारा अडवला की त्यांनी गिरणी उंच बांधली. आमच्याकडे गिरणी पाडून इमारत उंच बांधतात. वाऱ्याचं पुढे काय होतं ते कोणी विचारत नाही.) या गिरण्यांत धान्य दळलं जायचं ते भाकरीसाठी कमी आणि तिथल्या जेनेव्हर नावाच्या दारूसाठी जास्त. हे कळल्यावर बायकोने हातातलं माहितीपत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

पण त्यांतली एक अजून पीठ दळते. आत शिरलो आणि पहिल्याच पायरीवर तो वास आला. गरम पिठाचा, किंचित करपट, नाकाच्या टोकावर बसणारा. तो वास लालबागेत, मुगभाटात आणि हॉलंडमध्ये एकच आहे; याला मी साक्षीदार. आत एक निवृत्त गृहस्थ होते, भुवयांवर पिठाची साय. पगारी नव्हेत, हौशी. तिथे पवनचक्की चालवायचं रीतसर शिक्षण घेतात, परीक्षा देतात आणि आठवड्यातून एखादा दिवस येऊन फुकट चक्की फिरवतात. त्यांनी आम्हांला सज्जात नेलं. पात्यांवर लाकडी पट्ट्यांची जाळी असते, तिच्यावर शिडासारखं कापड पसरायचं. वारा कमी तर पूर्ण पसरायचं, जास्त तर गुंडाळायचं. मी ते कापड हाताला लावून बघितलं. जाड, चांगल्या विणीचं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कापडाची गिरणी आणि पिठाची गिरणी यांचं एकमेकींशी कधी पटलं नाही. इथे कापड पीठ दळत होतं.

खाली कापडी नळीतून पीठ पडत होतं. त्या गृहस्थांनी हात पुढे करून चिमूट घेतली, अंगठा तर्जनीवर फिरवला आणि क्षणभर डोळे मिटले. मी दचकलोच. हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे, फक्त दुसऱ्या माणसाच्या हातावर. बायकोनेही न विचारता चिमूट घेतली, तसाच अंगठा फिरवला आणि मला मराठीत म्हणाली, "जाड आहे. थालीपिठाला चालेल." मुलीने भाषांतर करताना काय सांगितलं कुणास ठाऊक, गृहस्थ खूश झाले.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे थांबलेल्या पात्यांचीही भाषा असते. पातं वर चढता चढता, सरळ उभं राहण्याच्या जरा आधी थांबवलं तर घरात आनंदाची बातमी. टोक ओलांडून उतरू लागल्यावर थांबवलं तर दुःखाची. दुसरी गोष्ट अशी, की चक्की नुसती रंगवून उभी ठेवली तर ती मरते. लाकूड ओल धरतं, कीड लागते, सांधे जाम होतात. तिला फिरवत राहावं लागतं, दळण असो वा नसो. या देशात एकेकाळी दहा हजारांच्या घरात पवनचक्क्या होत्या. वाफ आली, वीज आली, तशा त्या पडू लागल्या. मग 1923 साली लोकांनी त्या वाचवायला संस्था काढली, म्हणून आज हजारावर शिल्लक आहेत. आणि 2017 साली युनेस्कोने तिथल्या चक्कीवाल्यांच्या कसबालाच वारसा म्हणून मान्यता दिली. दगडाला नाही, इमारतीला नाही. त्या अंगठ्याला, असं समजायला हरकत नाही.

परतीच्या विमानात मला प्रश्न पडला की असल्या पवनचक्क्या आमच्याकडे का नाहीत? वारा नाही म्हणावं तर कोकणात पावसाळ्यात घरावर कौल राहत नाही. कल्पना पोचली नाही म्हणावं तर पवनचक्कीचं माहेर हॉलंड नव्हे, इराण. तिथे खोरासानात नश्तीफान नावाच्या गावी माती आणि लाकडाच्या, उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या शेकडो वर्षांच्या चक्क्या आजही आहेत. आणि इराण तर आमच्या नाक्यानाक्यावर आलं होतं. परळ-दादरच्या कोपऱ्यांवर ब्रूनमस्का आला, पानी कम चाय आली, आरसे आणि वाकड्या लाकडाच्या खुर्च्या आल्या. चक्की तेवढी आली नाही.

मुंबईवर विमान घिरट्या घालत असताना उत्तर सुचलं आणि सुचल्यावर फारसा आनंद झाला नाही. वारा फुकट असतो, पण पाती, आस, टोपी, दगड, सुतार यांना पैसे पडतात. आमच्याकडे पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईला पैसे पडत नव्हते. वाऱ्यापेक्षा ती स्वस्त होती. शिवाय वारा दोनचार महिने वाहतो. ती बाराही महिने उठायची.

माझ्या आजीचं जातं राजापूरहून मुंबईत आलं ते दोन हप्त्यांत. शिमग्याला गावी गेलेल्या आजोबांनी खालची तळी पोत्यात घालून बोटीने आणली. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर हमालाने पोतं उचलून पाहिलं आणि विचारलं, "गावचा देव आणलात काय?" वरची तळी गणपतीनंतर आली, कारण मध्ये पावसाळा आणि पावसाळ्यात बोटी बंद. सहा महिने आमच्या खोलीत अर्धंच जातं होतं. त्याच्यावर बसून आजोबा दाढी करायचे.

पुढे जातं पूर्ण झालं, खुंटा ठोकला, आणि आजी पहाटे दळायला बसली. चाळीचा पहिला मजला, जमीन लाकडी. जात्याची घरघर खाली उतरताना वाढत जायची. खाली गाळा होता. पंधरा-सोळा गडी, पाळीपाळीने कामाला जाणारे आणि पाळीपाळीने त्याच पथारीवर झोपणारे. रातपाळीवाला साचाखात्यातून रात्रभर यंत्रांचा खडखडाट डोक्यात घेऊन यायचा, कशीबशी पाठ टेकायचा आणि वरून दगड सुरू. एक दिवस त्यांच्यातला एक वर आला. दारात उभा राहून अगदी अदबीने म्हणाला, "वैनी, तुमचं देवाचं नाव चालू द्या, पण दगड तेवढा थांबवा." आजीने त्याला कुळथाचं पीठ दिलं वाटीभर. दुसऱ्या दिवशी तो वाटी घासूनपुसून परत घेऊन आला. "पिठी झकास झाली," म्हणाला. "पण दगड नको."

झालं. जातं भिंतीला लागलं आणि आजी डबा घेऊन नाक्यावरच्या विजेच्या गिरणीत जाऊ लागली.

आता इथे आपण हळहळावं अशी वाचकांची अपेक्षा असते. मीही एकदा आजीसमोर हळहळून पाहिलं. मी कॉलेजात होतो, लोकसाहित्य वगैरे वाचत होतो. जात्यावर बसलं की ओवी सुचते, तुझ्या ओव्या गेल्या, असं काहीसं मी तिला म्हणालो. आजी म्हणाली, "पहाटे चारला उठवलं की माणसाला कायपण सुचतं." जात्याबद्दल तिला काडीची हळहळ नव्हती. तिचा उजवा खांदा शेवटपर्यंत डाव्यापेक्षा खाली होता. ओव्या मात्र तिला येत होत्या, भांडी घासताना म्हणायची. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव हिंडून बायांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. लाख! चाळीत रातपाळीवाल्यांची झोप मोडली ती वाया गेली नाही म्हणायची. पण ओव्या जपल्या त्या कागदावर आणि टेपवर. त्यांच्यासाठी कुणी कुणाला परत पहाटे चारला उठवलं नाही, हे फार बरं केलं.

तर मग आमची खरी गिरणी कोणती, तर नाक्यावरची.

लालबागेतल्या आमच्या नाक्यावरची गिरणी दहा बाय बाराची. भिंतीचा मूळ रंग कोणालाच माहीत नव्हता. तारा, बल्ब, दत्ताची तसबीर, कोळिष्टकं, सगळ्यांवर पिठाचा सारखा थर, जणू गिरणीला कायमचं म्हातारपण आलेलं. डब्यांची रांग फुटपाथवर. माणसं रांगेत उभी राहत नसत, डबे राहत. डब्यावर तेलरंगाने खोलीचा नंबर, आत चिठ्ठी. पोरगं निरोप विसरतं म्हणून ही चिठ्ठीची पद्धत: 'गहू, बारीक.' 'ज्वारी, ज्वारीवरच टाकणे.' 'चणाडाळ, लाडवांना, रवाळ.' 'भाजणी. घाई आहे.' सगळ्याच चिठ्ठ्यांवर घाई असायची. गिरणीवाले मामा ती वाचून चुरगाळायचे आणि स्वतःच्या मनाने क्रम लावायचे, कारण दळणाचा क्रम हे शास्त्र आहे. आधीच्याचं थोडं पीठ दगडात राहतंच. गव्हानंतर गहू चालतो, डाळीनंतर गहू टाकला की पोळी चिवट होते, आणि मिरचीचं तर नावच काढू नये. तिचा संसार वेगळा, पलीकडच्या मसाल्याच्या गल्लीत, जिथे लोखंडी डंके दिवसभर धपाधप पडतात आणि उभा लालबाग शिंकतो. उपवासाचं दळण चातुर्मासात ठरावीक वारी, दगड पुसून. एकदा माझ्या हलगर्जीपणाने आमच्या घरी कुणाचं तरी राजगिऱ्याचं पीठ आलं आणि त्या कुणाकडे आमची ज्वारी गेली. त्यांच्याकडे एकादशी होती. हे प्रकरण मिटायला द्वादशी उजाडली.

मामा पाटण तालुक्यातले. पीठ पडायला लागलं की हात पुढे, चिमूट, अंगठा. मग वरचं चाक जरासं पिळायचे. दोन दगडांमधलं अंतर केसभर कमी किंवा जास्त. डोळा त्यांचा रस्त्यावर असायचा, कान पट्ट्याच्या फटफटीकडे, आणि तरी ते म्हणायचे, "गरम येतंय, टाकी लावायला झाली." दगड गुळगुळीत झाला की पीठ तापतं, तापलं की पोळी रुसते. टाकी लावायचा दिवस म्हणजे गिरणी बंद. दगड उलथा करून मामा छिन्नीने त्यावर पन्हाळी ठोकत बसलेले, टक् टक् टक्. स्खीडामच्या चक्कीत भिंतीला टेकवून ठेवलेला दगड मी पाहिला तेव्हा त्याच्यावरही तशाच पन्हाळी होत्या. फरक एवढाच की तिथे त्याच्याभोवती दोरी लावली होती आणि हात लावू नये अशी पाटी होती.

मामांना परदेशातल्या चक्क्यांचे फोटो दाखवले तर त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिले आणि म्हणाले, "आमच्या गावाकडं याच्यापेक्षा मोठ्या हायत." खरंच आहेत. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या पठारावर, वनकुसवडे-चाळकेवाडीकडे, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून विजेच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आता ठोसेघरला धबधबा बघायला गेलेली माणसं पुढे जाऊन त्यांच्याखाली फोटो काढतात. त्याही दळत काहीच नाहीत; बायकोच्या हिशेबाने त्यांनाही चक्की म्हणायला नको. पण मामांचं गणित निराळं होतं. "त्या गरागरा फिरत्यात, त्याची होती वीज. ती वीज तारंतनं येती हितं. हितं माझा दगड फिरतो. मग माझी गिरणी कशावर चालती? वाऱ्यावर."

रांगेतल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी त्यांना समजावलं की विजेला गाव नसतं, सगळीकडची वीज एकाच जाळ्यात मिसळते, बेस्टच्या मीटरला ती वाऱ्याची की कोळशाची ते कळत नाही. मामा म्हणाले, "दळणात पण आधीच्याचं थोडं मिसळतंच की." यावर कोणालाच उत्तर सुचलं नाही.

मी मात्र त्या रात्री हिशेब मांडत बसलो. 1915 साली टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून केलेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. त्याआधी कोळसा, वाफ आणि उंच चिमण्या. म्हणजे मामांच्या शास्त्राप्रमाणे आजोबांची गिरणी ही सरळसरळ पाणचक्की. वडील आयुष्यभर पाणचक्कीत कामाला होते आणि आम्ही त्यांच्यासमोर चक्की हा शब्द निरुपद्रवी म्हणून वापरत होतो.

त्या गिरण्यांचं जतन झालं नाही असं कोणी म्हणू नये. लोअर परळच्या फिनिक्समध्ये चिमणी उभी आहे, खाली मॉल आहे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या 2 आणि 3 नंबरच्या जागेवर महापालिकेने वस्त्रसंग्रहालय करायला घेतलं. चांगलंच आहे. साचे पुसून, तेल घालून, काचेमागे ठेवतील. पोरं सहलीला येतील आणि त्यांचं लक्ष तिथल्या तळ्याकडे असेल. पिठाच्या गिरणीचं मात्र कुणी संग्रहालय करत नाही, कारण ती गेली आहे हेच अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पॅकेटचं पीठ घरपोच येतं. नव्या टॉवरच्या तळमजल्यावर केक मिळतो, औषधं मिळतात, नखं रंगवून मिळतात. आवाज आणि धूळ करणारं दुकान नकाशातच नसतं.

आमची चाळही पडली. काही वर्षं भाड्याच्या घरात काढून आम्ही बाविसाव्या मजल्यावर आलो. मामांचा गाळा गेला, दुसरा मिळायला अवकाश होता, ते गावी गेले. अधूनमधून फोन येतो. "काय करताय मामा?" "चक्कीखाली बसलोय. फिरतीय मोप. दळायला काय न्हाय."

जातं मात्र आम्ही बरोबर आणलं, दोन्ही तळ्या एकाच खेपेत, लिफ्टने. लिफ्टमनने वजन बघून नारळ फोडल्यासारखा चेहरा केला. घर सजवायला आलेल्या मुलीला ते फार आवडलं. "वॉव, काका, याच्यावर काच टाकू, मस्त सेंटर टेबल होईल." बायको म्हणाली, "माझ्या सासऱ्यांच्या आईचं आहे ते. तिच्यावर चहा ठेवणार?" मग ते खिडकीशी गेलं. हल्ली लग्नाच्या हॉलमध्ये घाणा भरायला, हळद दळायला वीतभर जातं आणतात, खेळण्यातलं वाटावं असं. त्यामुळे नात्यात कुणाचं लग्न निघालं की आमचं खरं जातं मागायला लोक येतात, उचलून पाहतात आणि नमस्कार करून परत जातात.

भाजणीने सगळा घोळ केला. दिवाळी आली. चकलीची भाजणी पॅकेटची आणणं हा बायकोच्या माहेरी गुन्हा आहे. जवळची गिरणी आता दोन सिग्नल पलीकडे, शिवाय तिथे डबा ठेवून घेत नाहीत, थांबावं लागतं. शेवटी आम्ही घरघंटी घेतली. कपाटाएवढी, पांढरी, दरवाजा लावला की आतल्या आत दळणारी. कंपनीचा माणूस म्हणाला होता, आवाज अजिबात नाही. त्याचं घर रेल्वेलाइनला असावं. बायकोने सकाळी साडेसहाला तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, धणे-जिरे असं भाजलेलं सगळं तिच्यात ओतलं आणि बटण दाबलं. खिडकीवरच्या जात्याचा खुंटासुद्धा थरथरायला लागला.

पाचव्या मिनिटाला बेल वाजली. दारात एकविसाव्या मजल्यावरचा मुलगा. केस उभे, गळ्यात हेडफोन, डोळे तांबारलेले. "काका, सॉरी हं, पण ते काय वाजतंय? मी आत्ताच झोपलोय. माझी नाइट शिफ्ट असते. अमेरिकेचं टायमिंग."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. बायकोने आतून विचारलं, "कोण आहे?"

"रातपाळी," मी म्हणालो.

तिने यंत्र बंद केलं. त्याला काही कळेना. तो पुन्हा सॉरी म्हणून गेला. संध्याकाळी तो कामावर बसायच्या आधी उरलेली भाजणी दळली, आणि तिने मला स्टीलच्या डब्यात दोन वाट्या घालून खाली पिटाळलं. डबा त्याच्या आईने घेतला, नाकाशी नेला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमची गिरणी डिलाइल रोडला होती." कोणती ते मी विचारलं नाही.

चार दिवसांनी डबा परत आला. रिकामा डबा परत करू नये ही रीत अजून बाविसाव्या मजल्यापर्यंत पोचते. उघडला तर आत गहू होते, निवडलेले, आणि वर वहीच्या कागदाची चतकोर घडी.

'बारीक. घाई नाही. संध्याकाळी सातनंतर दळलेत तर बरं.'

बायकोने चिठ्ठी वाचली, चुरगाळली, आणि चिमूटभर गहू दाताखाली घालून बघितले.